एका हातात मावेल असं

भांडुपला, बँकेच्या वरच्या मजल्यावर,
मंगळवार, गुरुवार, शनिवार,
दुपारी दोन ते सहा.
डावा हात सुईला दिलेला,
तो हलवायचा नाही.
म्हणून पुस्तक सुचवताना इथे पहिला प्रश्न :
वजन किती?

मी छत्तीस वर्षं प्रुफं तपासली
फोर्टातल्या छापखान्यात,
ऱ्हस्व-दीर्घावरून माणसं ओळखली.
काय वाचावं हे मला कुणी सांगू नये,
असा माझा ताठा.
पहिल्याच आठवड्यात पुठ्ठाबांधणीचं एक चरित्र
हातातून निसटून नळीवर पडलं.
मशीननं बोंब ठोकली,
रोहिदास धावत आला, म्हणाला,
काका, पातळ वाचा.

खुर्ची दोन : एडविना परेरा, शाळेत भूगोल शिकवायच्या.
त्यांना गोष्टी चालत नाहीत.
"खोटं कशाला वाचू? खरंच अजून संपलं नाही."
त्यांनी दिलं मिठागरांवरचं पुस्तक :
भरती केव्हा आत घ्यायची, फळी केव्हा टाकायची,
दीडशे पानं एवढंच.
मी नाक मुरडून उघडलं,
आणि सहा वाजता सुई काढायला आलेल्या रोहिदासला म्हणालो,
थांब जरा.
मिठाचं पुस्तक,
आणि आम्हा सगळ्यांना मीठ बंद.
बाई हसल्या नाहीत. मीही नाही.
मग दोघंही हसलो.

खुर्ची चार : मुनाफ कर्जीकर,
माझगाव गोदीत क्रेनवर होते.
त्यांची शिफारस एकच, दोन वर्षं तीच :
सहाशे बारा पानांची कादंबरी.
दोन भाऊ, एक विहीर, तीन पिढ्या कोर्टात.
"अहो, पण धरायची कशी?"
पुढच्या शनिवारी पाच तुकडे घेऊन आले.
ब्लेडनं शिवण उसवलेली, कडांना चिकटपट्टी,
वर स्केचपेननं १, २, ३, ४, ५.

मला भोवळ आली.
ती रक्तदाबाची नव्हती.

पण पहिला भाग एडविनाबाईंनीच मागून घेतला,
आणि विहीर खुर्ची-खुर्चीनं सरकू लागली.
सहा नंबरची निशिगंधा, सीएची परीक्षा सोडलेली,
तिसऱ्या भागात धाकट्यावर अशी भडकली
की सगळं मोठमोठ्यानं सांगत सुटली.
मी अजून दुसऱ्यात.
दोन्ही कान झाकावेत,
तर हात एकच मोकळा.
शेवट ठाऊक असलेले मुनाफभाई
नुसते गालात हसायचे.
"वाचा, वाचा. मी कुठे पळतोय?"

एका गुरुवारी चार नंबरवर धुतलेली चादर,
घडी न मोडलेली.
पाचवा भाग त्यांच्या घरी होता.
तीन आठवडे कुणी विहिरीचं नाव काढलं नाही.
निशिगंधा चौथा भाग मांडीवर ठेवायची
आणि मोबाईल बघायची.

मग त्यांची मुलगी आली, जायदा.
केमिस्टची पिशवी, तीत भाग ५.
शेवटच्या पानाखाली शिसपेन्सिलनं :
'शेवट ठीकठाक. तिसरा भाग परत वाचा.
खरी वीहिर त्यात आहे.'
दोन्ही वेलांट्या उलट्या.
माझ्या खिशात लाल पेन होतं, असतंच.
मी पान मिटलं.

काल चार नंबरवर बावीस-तेवीसचा पोरगा.
तासभर छताकडे बघत होता.
मग म्हणाला, काका, काहीतरी सुचवा ना.
मी रोहिदासच्या हाती भाग १ धाडला.
त्यानं उलटापालटा करून पाहिला.
"कव्हर कुठंय? बरं आहे का?"
पहिली चाळीस पानं कंटाळवाणी आहेत, मी म्हटलं,
नुसते सातबारे, नकला, साक्षीदारांची नावं.
उजव्या हातात धर.
पान अंगठ्यानं उलट.