गोधडीतल्या बाटल्या

पौषात बाटल्यांना थंडी वाजते.
तालुक्याच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं,
ऊब द्या, नाहीतर चाचणी खोटी येते.
आमच्या हरिपूरच्या पंचायतीत तसली दिव्याची पेटी नाही.
म्हणून सात बाटल्या जुन्या धडप्यात गुंडाळून
मी गोधडीत घेते, पोटाशी,
आणि भिंतीकडे सरकत नवरा म्हणतो,
"कोंबडीगत बसलीस की गं अंड्यांवर."

बसलेय खरी.
फक्त यातनं काही निघू नये म्हणून.

पहिली बाटली घाटाच्या शेवटच्या पायरीची,
जिथं वारणा येऊन कृष्णेला टेकते
आणि दोन रंगांमधली रेघ थोडा वेळ तशीच राहते.
दुसरी, म्हशी धुतात तिथली.
तिसरी ओढ्याच्या तोंडाची.
मग ओढ्यानं वर वर, चिंचांच्या मागनं,
हळदीची पेवं बुजली त्या रानातनं.
सातवी कुठली, ते वहीत लिहिलं नाही.

चोवीस तासांत चार काळ्या,
तव्याच्या बुडासारख्या.
घाटावरची सावकाश काळवंडली, सहावी सगळ्यांच्या आधी.
सहावीमागं चालत गेले
तर मगदूम अण्णांच्या परड्यात, निवडुंगाखाली, एक पाईप.
गावातल्या पहिल्या संडासाचा.
त्या वर्षी साहेब आले होते, अण्णांना हार घातला होता,
फोटो अजून सोप्यात आहे.
खड्डा कुठाय, ते कुणी विचारलं नव्हतं.

मी बाटली अण्णांच्या हातात ठेवली.
दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस,
साठ वर्षं पाणी गाळून पिणारा,
गाळलेलं फडकं उलटं धरून
जीव परत आडात सोडणारा.
त्यांनी चष्मा पुसला, बाटली उजेडाला धरली.

"ह्यात जीव हायत?"
"हायत."
"किती?"
"ते नाही कळत अण्णा. हाय का नाही, एवढंच कळतं."
"आणि तू टाकीत ती पावडर टाकतीस, तेव्हा?"
"मरतात."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
आत कुणीतरी कुकरची शिटी मोजत होतं.
मग म्हणाले, "मारायची पाळीच येऊ नये, असं काय करता येतं?"

तालुक्याच्या प्रशिक्षणात हा प्रश्न नव्हता.
उत्तर मात्र होतं: सहा फूट खोल, विटांची जाळी,
वर फरशी, आडापासून लांब.
अण्णांच्या नातवानं खणला. काळी माती, कुदळीला चिकटणारी.
त्यांचं बघून आणखी चार घरांनी.
ओढ्याच्या तोंडाशी पोरांनी कर्दळ लावली,
निम्मी म्हशींनी खाल्ली, परत लावली.
दोन घरं अजून दार उघडत नाहीत.
आणि दस्तगीर पारावर बसून विचारतो ते रोजचंच,
"वरनं अख्खं शहर सोडतंय नदीत,
आपल्या एका पायपानं काय हुतंय?"
मला त्याचं उत्तर येत नाही.
मी टीसीएलची पिशवी सायकलला बांधते आणि पुढं जाते.

सातवी बाटली आमच्याच माठाची.
गेल्या साली धाकटीला सलाईन लागलं होतं,
तेव्हापासनं घेते. कुणाला सांगत नाही.
ती एकदाच काळी झाली.
त्या रात्री मी माठ फोडला
आणि सकाळी म्हटलं, हातातनं निसटला.

आता माघ सरत आला.
दुसरी काळी आहे. पहिलीसुद्धा, शहराच्या पाण्यानं.
पण तिसरी, ओढ्याच्या तोंडाची,
अठ्ठेचाळीस तास झाले,
अजून कोऱ्या चहासारखी.

मुदतीची तारीख पाहिली. अजून महिना आहे.
झाकण पाहिलं. घट्ट.
धाकटीला हाक मारून दाखवली, तुला काय रंग दिसतो?
तीही तेच म्हणाली.

वहीत लिहायला हवं होतं.
पेन हातात घेतला, ठेवला,
आणि बाटली परत गोधडीत घेतली, आणखी एक रात्र.