पुठ्ठा

नाना पेठेतल्या मंडळीची नोंदवही
वाळवीनं पाठीकडून खाल्ली, म्हणून माझ्याकडे आली.
सेक्रेटरी ठोंबरे म्हणाले, एस्तेरबाई,
आतलं वाचत बसू नका. फक्त बांधा.
मी पावती फाडून दिली.

पुठ्ठा रात्री परातीत भिजत घातला.
पूर्वी पुठ्ठा विकत आणत नसत;
रद्दी एकावर एक चिकटवायची, दगडाखाली दाबायची.
खळीत मोरचूद होता,
त्यामुळे पानं खाणारी वाळवी
पुठ्ठ्याला शिवली नव्हती.

वरचा थर वाण्याचं बिल.
खाली मोडी, कोणाचं तरी गहाणखत.
मग देवनागरी, बोरूची, उजवीकडे कललेली:

प्लेगच्या साली संगमावर राख झाली
त्यात बाप्तिस्मा कोणाचा झालेला, कोणाचा नाही,
राखेवरून सांगता येईना.
साहेब पुसतात, ते कुठे गेले?
मी म्हणालो, आपण जाणार तिथेच, जरा आधी.
नरक आहे, साहेब, नाही म्हणत नाही.
पण त्याला मागलं दार आहे,
आणि प्रभू प्लेगचा गाडा उलट्या दिशेनं ओढीत
एकेकाला बाहेर आणीत आहे.
अखेरीस सैतान उरेल.
त्यालाही एकट्याला करमणार नाही.

खाली सही. नथानिएल शिवराम ओहोळ, प्रबोधक.

मग मी वही उघडलीच.
अठराशे अठ्ठ्याण्णव. तेच नाव, त्यावर आडवी रेघ,
समासात एकच शब्द: पाखंड.
रेघ इतकी दाबून मारलेली
की मागच्या तीन पानांवर उमटली आहे,
तीन बाळांच्या बाप्तिस्म्यांवरून गेली आहे.

कधीतरी एका पाहुण्या फादरांकडून ऐकलं होतं,
मिसर देशात रांजणात पुरलेल्या पोथ्या सापडल्या,
चर्चनं नको म्हटलेल्या.
थोडी पानं एका बाईनं म्हणे चुलीत घातली.
त्या पोथ्यांचे पुठ्ठेही रद्दीनं भरलेले,
धान्याच्या पावत्या, कोणाकोणाची पत्रं.
तिथं पाखंड आत आणि हिशेब पुठ्ठ्यात.
आमच्या पेठेत उलटं.

पहाटे कागद पंख्याखाली वाळत टाकले
तेव्हा लक्षात आलं:
कोपरे सगळे नीट कापलेले,
पण एकही ओळ कात्रीत गेलेली नाही.
म्हणजे त्या बांधणाऱ्याला वाचता येत होतं.
रद्दी म्हणून दिलं असणार त्याच्याकडे,
आणि त्यानं ते अशा जागी ठेवलं
की जाळायचं तर वहीच जाळावी लागेल.

मी खळ शिजवली. मोरचूद चिमूटभर जास्त.

रविवारी उपासनेनंतर ठोंबरे आले,
बोटांच्या पेरांनी पुठ्ठा वाजवून पाहिला.
भक्कम झालाय, म्हणाले. नवीन माल?
जुनाच आहे, म्हटलं.

थर नीट बसेनात म्हणून
वाण्याचं बिल तेवढं बाहेर राहिलं.
गूळ, मीठ, घासलेट.
उधारी बाकी दोन आणे.