तीनशे पंचाहत्तर मीटर

दुपारी दीडच्या सुमाराला तो वरून जातो.
मी तेव्हा खानापूरच्या वनखात्याच्या कचेरीत डबा उघडते.
चारला चित्र उतरतं:
भीमगडच्या अंगाला तीन तांबडे चौकोन
आणि त्यांतून निघालेली पांढुरकी रेघ,
चोर्ल्यावरून खाली, थेट दर्यापर्यंत,
ओल्या पाटीवर कुणी बोट ओढावं तशी.

एक चौकोन म्हणजे तीनशे पंचाहत्तर मीटर.
त्यात एक टेकडी मावते, दोन ओहोळ, गव्यांची वाट,
आणि मष्णू गुरव, हंगामी वॉचर,
हातात हिरव्या डहाळ्या.

सगळेच चौकोन जंगल नसतात.
एक रोज त्याच जागी पेटतो, कारखान्याची चिमणी.
एक नंदगडकडची वीटभट्टी.
आणि फाल्गुन सरता सरता
आमच्याच गावच्या वरकसावर उमटतो एक:
रवळूमामा तरवा भाजतो.
मी लिहिते, 'शेती'.
साहेब विचारतात, "निनग ह्यांग गोत्तु?"
मी म्हणते, धूर पातळ आहे, सर.
धूर पातळ असतोच. पण ते खरं उत्तर नव्हे.

एकदा रात्रपाळीला माउस घसरला, चित्र लांब गेलं.
कुठल्याशा बेटावर ज्वालामुखी राख ओकत होता.
तोच तांबडा ठिपका, तशीच रेघ, फक्त जाड.
खिडकीखाली कंपाउंडचा काळा दगड,
बेळगावहून ट्रकनं आणलेला.
तोही म्हणे असाच वाहत आला, मग निवला.
तेव्हा फोन लावायला कुणी नव्हतं.

मष्णूला सात वेळा लावला. रेंज नाही.

तिसऱ्या दिवशी स्वतःच आला, पगाराच्या सहीला.
भुवया करपलेल्या.
"वरनं कसं दिसतंय, दाव की गे."
मी रेघ दाखवली.
"आनि मी कुटं हाय ह्यात?"
पेन्सिल टेकवली. टोकाखाली अख्खी टेकडी गेली.
तो वाकून बराच वेळ बघत राहिला.
"हितं नव्हतो. तवर पलीकडं वढ्यात गेलतो.
वास सकाळी धालाच आलता."

तो गेल्यावर मी तक्ता भरला.
कारण: अज्ञात. क्षेत्र: अंदाजे.
शेवटी एक रकाना असतो, 'प्रथम कोणी पाहिले'.
त्यात उपग्रहाचं नाव आपोआप येतं.
खोडता येत नाही.