दहा बाय अकरा

कोनापुरे इंजिनिअरांनी नकाशात
एकच चौकोन कोरा सोडला होता.
दहा बाय अकरा.
"इथं काय लिहू, वहिनी? डायनिंग की बेडरूम?"
पेन्सिल कानावर ठेवून ते चहा प्यायले,
बशीतून, सावकाश,
जणू उत्तर आत ओट्यावर झाकून ठेवलंय
आणि मी ते घेऊन येणार आहे.

राजेशम म्हणाले, डायनिंग.
वीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात, डिस्पॅचला.
मालकाच्या घरी काचेच्या टेबलाशेजारी
उभं राहून चलनावर सही घेतलेला माणूस.
त्यांना सहा खुर्च्या हव्या होत्या.
आम्ही चौघं.
मी काही बोलले नाही.

घरकुलातल्या एका खोलीत
हा प्रश्न कधी पडला नव्हता.
गादी गुंडाळली की जेवायची खोली,
ताटं उचलली की झोपायची.
सासरे रात्रपाळीहून येऊन सकाळी आडवे व्हायचे,
भुवयांत मागावरचा कापूस तसाच,
आणि आम्ही त्यांच्या पायांशी बसून जेवायचो.
कडक भाकरी आधी आमटीत भिजवायची,
मग मोडायची.
वाजता कामा नये.
सासरी आल्यावर मी शिकलेली ही पहिली गोष्ट.

"एक्स्ट्रा बेडरूम कुणाला लागते?" राजेशम म्हणाले.
एक्स्ट्रा.
तेव्हा सुगुणा आत शेंगा सोलत होती.
टरफलांचा आवाज थांबला,
मग पुन्हा सुरू झाला.

ती भिवंडीहून चार दिवसांसाठी येते.
या वर्षी तिसऱ्यांदा आली, त्याला आता पाच महिने झाले.
तिकडचं कुणी विचारत नाही, ती सांगत नाही.
स्वयंपाकघरात, पाण्याच्या पिंपांना पाठ लावून झोपते.
पाचव्या दिवशी, रात्री अडीचला नळ आला
की आम्ही तिला ओलांडून बादल्या नेतो.
"जागीच आहे, वदिना," ती म्हणते, पाय आखडून घेत.
आणि सकाळी आम्ही उठायच्या आत
तिचं अंथरूण बॅगेमागे असतं,
घडीवर घडी, इतकं लहान केलेलं
की त्यात कुणी झोपलं असेल असं वाटू नये.

सात रस्त्याला जाऊन आम्ही टेबल बघून आलो.
राजेशमनी त्याच्यावरून हात फिरवला,
टॉवेलमधली सुटलेली तार शोधतात तसा.
दोन हजार ॲडव्हान्स दिला.

मग मौलाली आला, वायरिंगवाला.
भर एप्रिल. विटासुद्धा तापलेल्या.
"भाभी, आज भिंत बुजवायची आहे.
टेबलावर लोंबता दिवा, की उशाशी बटण?
एकच पाईप टाकतो मी.
लोकं मन बदलतात, मग फोडायला मलाच बोलावतात."
राजेशम सिमेंट आणायला गेले होते.
सुगुणा पलीकडच्या भिंतीवर पाणी मारत होती.

"उशाशी," मी म्हणाले.
"मग डोकं कुठल्या बाजूला?"

मला काय माहीत.
मी तिला हाक मारली.
ती पाईप हातात धरून उभी राहिली,
पाणी तिच्याच पायांवर पडत होतं.
असं काही विचारतात हे
तिच्या लक्षातच येईना बहुतेक.
मग म्हणाली, "उत्तरेला नको."
थोड्या वेळानं पुढे झाली,
ओल्या बोटानं भिंतीवर टेकवून दाखवलं,
"इथं. इथून रस्ता दिसतो."

उन्हात ते बोट लगेच वाळलं.
मौलालीनं घाईघाईनं खडूनं खूण केली.

राजेशम आले. खूण बघितली.
गुडघ्याच्या उंचीचं बटण टेबलासाठी नसतं,
हे त्यांना सांगायला नको.
खांद्यावरचं पोतं उतरवलं,
कॉलरमागची सिमेंट झटकली, बराच वेळ झटकली.
मग मौलालीला म्हणाले,
"चार्जिंगचा पॉइंटपण टाक तिथं."
आणि पाणी प्यायला गेले.

दोन हजार परत मिळाले नाहीत.
दुकानदारानं त्यात दोन खुर्च्या दिल्या.
एकीवर श्रावणीचं दप्तर असतं.
दुसरी सुगुणाच्या खोलीत,
खिडकीशी.
आम्ही अजून खालीच बसून जेवतो.
परवा दुपारी कपडे ठेवायला आत गेले,
तर तिची गादी
दिवसाढवळ्या अंथरलेलीच होती.