ठेव

विट्यात स्टँडमागं भट्टी पेटवायच्या आधी
हिंदुराव लंडनचा भाव बघतो.
युद्ध थांबतंय म्हणाले, तोळ्याला हजार उतरले.
नाही थांबत म्हणाले,
दीड हजार चढले.

एका देशाचं सोनं दुसऱ्याच्या तळघरात.
मागितलं, तर म्हणे तुमचं सरकारच आम्ही मानत नाही.
‘ठेव ती ठेव,’ मूस चिमट्यात धरून तो म्हणतो,
‘सेलमच्या पेठेत असं कुणी केलं असतं
तर गिऱ्हाईक न्हाई का सोयरीक न्हाई.’

तेजाबाचा पिवळा धूर
खिडकीतून बाहेर.

गल्ल्याच्या तळाशी, जुन्या वहीच्या घडीत
एक कानातलं आहे, सेलमचंच.
मालकीण आली नाही परत,
की यानंच आधी दुकान हलवलं?
विचारलं तर
तो भट्टीचा पंखा वाढवतो.