पाऊणकी

क्रिसफील्डच्या ऑफिसात माझ्या टेबलावर पाटी आहे:
फेलो, किनारा व्यवस्थापन. मुदत दोन वर्षं.
स्क्रूने नाही, टेपने चिकटवलेली.

दर सोमवारी गमबूट घालून खाजणात जायचं,
काठी रोवून चिखलाची उंची घ्यायची,
मेलेले पाइन मोजायचे.
खारं पाणी मुळाशी पोचलं की ते उभ्या उभ्या मरतात.
मागच्या सोमवारी एकेचाळीस. आज त्रेचाळीस.

व्हर्लन ब्रॅडशॉ चिंबोऱ्या धरतो.
पहिल्या दिवशी त्याने बोटीतूनच विचारलं, "तू कितवी?"
फेलो कितवी, म्हणजे. म्हटलं, पाचवी.
"चौथ्याला गाठ मारता येत नव्हती," म्हणाला, आणि इंजिन सुरू केलं.

बाबांनी शिकवलं होतं, तिथीची पाऊणकी कर,
भरतीची वेळ निघते.
अष्टमी होती. मी त्याला ऐटीत सांगितलं, सहा.
पाणी चढलं साडेनवाला.
"तुमचा चंद्र लवकर उठतो," एवढंच बोलला.

मग रोजचा फरक लिहीत गेले, वहीच्या मागच्या पानावर,
कारण अहवालात त्याला रकाना नाही.
मार्चपर्यंत कळलं: पाऊणकी, अधिक साडेतीन.
वारा दक्षिणेचा असेल तर तेही नाही.

जुलैत टेप निघेल. टेबलावर डिंकाचा चौकोन राहील,
माझ्याआधीच्या चौघांचा आहे तसा.

हल्ली व्हर्लन लांबूनच ओरडतो, "आज कितवी?"
"द्वादशी!"
तो बोटांवर काहीतरी मोजतो
आणि परसातले पिंजरे
पायरीवर उचलून ठेवायला घरी वळतो.