घोडं कुठे पेंड खातंय

पस्तीस टक्क्यांवर अडकलाय, अनारकान म्हणाली,
कालपासून.
तापलेलं पोर आणावं तसा
रजईत गुंडाळून आणला होता तिने लॅपटॉप,
चार्जर हातमोज्यात.
बाहेर उणे एकवीस. नारीन नदी दोन्ही काठांकडून गोठत आलेली,
मधोमध तेवढी एक काळी रेघ वाहती.

स्क्रीनवर ठिपके गोल गोल फिरत होते.
खाली वाक्य: संगणक बंद करू नका.
आमच्या गल्लीतली वीज दिवसातून दोनदा जाते,
ती हे वाक्य वाचत नाही.

बटण दाबून धरलं, दहा आकडे मोजले.
पंखा सुस्कारा टाकून गप्प.
पुन्हा सुरू. पुन्हा ठिपके. मग नवं वाक्य:
बदल मागे घेत आहोत.
तिने चष्मा पुसला.
"मागे कुठपर्यंत नेतात?"
"परवापर्यंत."
"एवढंच?"

मग चूक उमटली, आकड्यांत:
शून्य, फुली, आठ, आणि पुढे लांब शेपूट.
तिने वही काढून उतरवून घेतली, तारीख घालून, वेळ घालून.
बत्तीस वर्षं रोज सकाळी आठला
पुलाखालच्या पट्टीवर पाण्याची उंची वाचणारी बाई,
तिला आकडा दिसला की लिहायचाच.
पाणीमोजणीचं ठाणं बंद झालं, कागद दमटले,
तेव्हा एकेक ओळ तिने या यंत्रात भरली, दोन बोटांनी.

एल्दियार माझा शागीर्द, एकोणीस वर्षांचा, घाईचा.
"सगळं पुसून कोरं करू, वीस मिनिटांचं काम."
तिने नुसतं बघितलं त्याच्याकडे.
तो चहा टाकायला गेला.

घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायचं,
माझा धंदा एवढाच.
आजोबांकडे खरी घोडी होती, साठ.
त्यांना पेंड कसली, खुरांनी बर्फ उकरून
खालचं गवत शोधायची.
मीही तसाच उकरत बसलो:
सेफ मोड. जागा आहे? आहे. डिस्क धड आहे? आहे.
घड्याळ बरोबर. जुन्या तात्पुरत्या फायली काढल्या.
पुन्हा पस्तीस. पुन्हा मागे.

शेवटी पेनड्राइव्हवरून चालू केला
आणि आधी तिचं सगळं बाहेर काढलं.
तीन फायली. अकरा एमबी.
बत्तीस वर्षांची नदी, अकरा एमबी.
माझ्या मेहुण्याच्या लग्नाचा व्हिडिओ
याच्या चारशेपट आहे, आणि त्यात नुसतं जेवण.

उचलून उलटा करताना
डाव्या कडेला बोटाला काहीतरी टोचलं.
कार्ड. कॅमेऱ्याचं. खाचेत बसलेलं, कडेला धूळ.
"हे कधीपासून?"
ती विचारात पडली. "सहा वर्षं? सात?"
अपडेट बिचारं दारात उभं,
दोन घरं दिसतायत, शिरावं कुठल्या?
कार्ड काढलं. पुन्हा पहिल्यापासून.

चौतीस.
पस्तीस.
एल्दियार पियाला हातात धरून उभा.
छत्तीस.
कुणी काही बोललं नाही.
एकोणसत्तरवर वीज गेली.
बॅटरीत चौदा टक्के. तीन चेहरे निळ्या उजेडात,
भट्टीतले कोळसे तडतडत होते,
आणि मी आयुष्यात पहिल्यांदा
दोन टक्केवाऱ्यांची शर्यत पाहिली.
शंभर झाले तेव्हा बॅटरीत तीन उरले होते.

वीज आल्यावर कार्ड उघडलं.
एक्केचाळीस फोटो, सगळे पट्टीचे:
पाणी, लाल खुणा, पाणी.
एकात मात्र धुकं, आणि कडेने आत आलेलं
एक पुरुषी हातमोज्यातलं बोट,
नेमक्या खुणेवर टेकलेलं.
"हा कोण?" एल्दियारने विचारलं.
"त्या दिवशी आकडा दिसत नव्हता," ती म्हणाली.

चारशे सोम दिले. वहीत लिहिलं:
पाच चाळीस, सुरू.
दुकानाच्या काचेतून मला पूल दिसतो.
रजईतलं बोचकं छातीशी धरून
दिव्याखाली थांबली ती, कठड्यावरून वाकली,
खाली बघितलं,
मग गेली.